न्यूरबुर्गरिंगवर पहिल्यांदा जाताना गाडी कोणती घ्यावी

तुमचा प्रश्न असा आहे: सप्टेंबरात जर्मनीत फिरताना एक दिवस मोकळा मिळतोय, त्या दिवशी न्यूरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकला जाऊन भाड्याने पोर्शे 911 जीटी3 ही स्पोर्ट्स कार घ्यायची, दोन लॅप म्हणजे फेरे मारायचे, बायको शेजारी बसेल, तर लायसन्स, विमा आणि खर्चाचं कसं? जरूर जा. पण पहिल्या खेपेला जीटी3 घेऊ नका, आणि सगळा बेत एकाच दिवसावर टांगू नका. मी तिथे बरेच हंगाम गाडी चालवत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. न्यूरबुर्गरिंगला दोन वेगळे ट्रॅक आहेत. एक 1984 साली सुरू झालेला ग्रांप्रीचा, साधारण 5 किलोमीटरचा, रुंद, मोकळा, चुकलं तर बाजूला पळायला जागा असलेला. दुसरा जुना, 1927 साली खुला झालेला नॉर्डश्लाइफे. तुम्ही व्हिडिओत पाहिलाय तो हा दुसरा. तिकिटं दोन्हींची मिळतात, तेव्हा घेताना नाव नीट वाचा. नॉर्डश्लाइफेचा पूर्ण फेरा 20.8 किलोमीटरचा. आयफेलच्या डोंगरातून, दाट झाडीतून तो जातो, आणि सर्वांत खालचं ठिकाण आणि सर्वांत वरचं यांच्यात जवळजवळ 300 मीटरचा फरक आहे. वळणं सत्तरच्या वर. रस्त्याच्या कडेला गवताची अरुंद पट्टी आणि लगेच गार्डरेल, म्हणजे लोखंडी कठडा. 1968 साली धुक्यापावसात इथली शर्यत चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकलेल्या जॅकी स्ट्युअर्टने याला ‘हिरवा नरक’ म्हटलं ते काही उगाच नाही. 1976 साली फॉर्म्युला वनच्या शर्यतीत निकी लाउडा या ड्रायव्हरचा भीषण अपघात झाला, त्यानंतर ती शर्यत या जुन्या ट्रॅकवर परत आली नाही.

तरीही तुम्ही-आम्ही इथे गाडी घालू शकतो, कारण पर्यटकांसाठी खुला असतो तेव्हा हा कायद्याच्या नजरेत टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो. जर्मनीचे रस्त्याचे नियम तिथे लागू असतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून. सीटबेल्ट हवाच. शर्यत लावणं आणि वेळ मोजणं मना आहे. ठरावीक ठिकाणं सोडली तर वेगाला सरसकट मर्यादा नाही, पण अपघात केलात तर पोलीस येतात आणि साध्या रस्त्यावरच्या अपघातासारखीच चौकशी होते. एका वेळी ट्रॅकवर सायकलस्वाराच्या बेतानं जाणारी फॅमिली व्हॅनही असते आणि मागून 250 च्या वेगाने येणारा सराईतही. खरा धोका या फरकात आहे, वळणांत त्यामानाने कमी.

आता गाडीचं. जीटी3 का नको म्हणतोय, ते नीट सांगतो. इथे वेळ खातं ते रस्ता माहीत नसणं. झबीने श्मिट्स नावाची ड्रायव्हर होती, इथल्याच न्यूरबुर्ग गावात वाढलेली, 1996 आणि 1997 साली इथली 24 तासांची शर्यत जिंकलेली. तिने एकदा डिझेलची मालवाहू ट्रान्झिट व्हॅन इथे 10 मिनिटं 8 सेकंदांत फिरवली होती. बहुतेक नवखे चांगल्यापैकी ताकदीच्या गाडीतही तेवढ्या वेळात पोहोचत नाहीत. 2021 साली ती गेली, आणि आता पहिल्या वळणाला तिचं नाव आहे. तर व्हॅनमध्ये ती जे करत होती ते रस्ता पाठ असल्याच्या जोरावर. पाठ नसेल तर 500 हॉर्सपॉवर फक्त एवढंच करतात की चुकीच्या ठिकाणी तुम्ही जास्त वेगाने पोहोचता.

एक तुकडा उदाहरणादाखल घेऊ. फुक्सरोरे हा सरळसा दिसणारा, झाडांमधून खाली कोसळणारा उतार आहे. वेग आपोआप वाढत जातो. तळाला गाडी इतकी दाबली जाते की पोटात गोळा येतो आणि स्टीअरिंग जड होतं. त्या क्षणी ब्रेकला हात लावायचा नाही. पुढे लगेच चढ. चढावर गाडी सावरली की माणसाला वाटतं झालं, संपलं, आणि पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. चढाच्या माथ्यापलीकडे आडेनाऊअर फोर्स्ट लपलंय, एकामागोमाग एक आवळ वळणं, आणि ती दिसतात तेव्हा ब्रेक मारायची वेळ टळून गेलेली असते. ब्रेक वळण दिसायच्या आधी, चढावरच लागायला हवा. गवतात घुसणाऱ्या गाड्यांचे जे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत, त्यातले कितीतरी इथले आहेत. छोट्या गाडीत तुम्ही तिथे 120 ने पोहोचाल आणि सावरायला वाव राहील. जीटी3 मध्ये तीच चूक 180 ला होईल.

अशा जागा पुष्कळ आहेत. फ्लुगप्लात्सला माथ्यावर गाडी हलकी होते आणि तिथेच उजवीकडे वळायचं असतं. 2015 साली एका शर्यतीत याच भागात गाडी उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. पुढच्या हंगामाआधी तिथला डांबराचा उंचवटा कमी केला. श्वेडेनक्रॉइत्स डावं, भलतंच वेगवान आणि माथ्यावर आंधळं. फ्लान्त्सगार्टनला दोन उड्या आहेत, आणि उडी घेताना चाकं सरळ असावी लागतात.

कारुसेलबद्दल मात्र तुमच्यासाठी एक सोय सांगतो. ते डावं, जवळपास अर्ध्याहून जास्त गोल फिरणारं वळण आहे आणि आतल्या बाजूला काँक्रीटचा कलता खड्डा आहे. सगळे त्यातूनच जातात, म्हणून नवख्याला वाटतं आपणही गेलंच पाहिजे. काही जरूर नाही. बाहेरच्या बाजूने सपाट डांबर आहे. पहिल्या लॅपला तिथून जा. तुम्ही आपोआप उजव्या बाजूला राहता आणि मागच्याला आतून, म्हणजे डावीकडून, मोकळी वाट मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला आत उतरा. काँक्रीटच्या सांध्यांवर गाडी धडाधड आपटेल, स्टीअरिंग हातात थरथरेल, पण पकड घट्ट न आवळता अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवलात की गाडी रुळावरून गेल्यासारखी फिरते. बाहेर पडताना घाई करायची नाही.

त्यामुळे माझा सल्ला असा: जवळपासच्या गावांत ट्रॅकसाठीच गाड्या देणारे बरेच जण आहेत, त्यांच्याकडून सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट किंवा त्या जातीची हलकी, पुढच्या चाकांना ताकद जाणारी हॅचबॅक घ्या. तुम्ही दोन लॅपचं म्हणताय, निदान चार घ्या, आणि पहिल्या दोनांना शेजारी प्रशिक्षक. त्याचे पैसे वाचवू नका. ‘आता ब्रेक’, ‘आरसा बघ’, ‘उजवीकडे राहा’ हे त्या क्षणी कानात पडणं आणि महिनाभर व्हिडिओ बघणं यांची बरोबरी होत नाही. घरी सिम्युलेटर गेम असेल तर तोही खेळून जा. वळणांचा क्रम पाठ होतो. चढउतार मात्र गेममध्ये कळत नाहीत, तिथे गेल्यावर धक्का बसतो.

जीटी3 चा मोह अगदीच सुटत नसेल तर त्यात सराईत ड्रायव्हरच्या शेजारी बसून एक लॅप घ्या. तशी सोय मिळते. त्या गाडीची ताकद तिथे खऱ्या अर्थाने कळते.

नियमांतला सर्वांत महत्त्वाचा भाग आरशांचा. दर काही सेकंदांनी मागे पाहायचं, विशेषतः वळणात शिरायच्या आधी. मागून वेगवान गाडी दिसली की उजवीकडे सरकायचं आणि उजवा इंडिकेटर द्यायचा. याचा अर्थ तिथे ‘तुला पाहिलंय, जा’ असा घेतात. जिथे तुम्हाला जागा देता येईल अशाच ठिकाणी द्या, वळणाच्या मध्यात अचानक बाजूला होऊ नका. आपण उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत वाढलेली माणसं, त्यामुळे डावीकडे बसून रस्त्याच्या उजव्या कडेचा अंदाज पहिली काही मिनिटं चुकतो. म्हणून एक दिवस आधी जर्मनीत साध्या रस्त्यांवर गाडी चालवून हात बसवून घ्या.

पिवळा झेंडा दिसला की वेग लगेच कमी, ओव्हरटेक नाही. अपघात झालेला दिसला तर धोक्याचे दिवे लावा आणि मागच्यांना सावध करत हळू पुढे जा. तुमच्याच गाडीत काही बिघडलं, तेल किंवा कूलंट गळतंय असं वाटलं, तर लॅप पूर्ण करायच्या भरीस पडू नका. उजव्या कडेला लागा, उतरा, गार्डरेलच्या पलीकडे जा आणि मदत मागवा. तुमच्या गळलेल्या तेलावरून मागचा माणूस वळणात घसरतो. मी हे इतक्या आग्रहाने लिहितोय कारण अशा गोष्टींत दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

पैशांचं आता. एका लॅपचं तिकीट गेल्या काही हंगामांत 30 ते 35 युरोच्या घरात आहे, शनिवार-रविवारी जास्त. ही रक्कम किरकोळ समजा. मोठा आकडा भाड्याचा आणि त्याहून मोठा नुकसानभरपाईचा. नेहमीच्या भाड्याच्या गाड्या, विमानतळावर मिळतात त्या, इथे न्यायला करारातच मनाई असते. नेलीत तर विमा नाही, आणि कंपन्यांना हे कळतं. ट्रॅकसाठी दिलेल्या गाडीवर विमा असला तरी अपघातात ठरावीक रक्कम तुम्ही भरायची असते. छोट्या गाडीला ती काही हजार युरो, ताकदवान गाड्यांना सहज पाच आकडी. त्याशिवाय गार्डरेल मोडली तर तिचं बिल, गाडी उचलायचं बिल, ट्रॅक बंद ठेवावा लागला तर त्याचंही, हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याच्या माथी येतं. सही करण्याआधी विचारा: भरपाईची कमाल मर्यादा किती, गार्डरेल त्यात धरली आहे का, पावसात घसरून झालेलं नुकसान धरलं आहे का, आणि इंजिन जास्त फिरवून बिघडलं तर कोणाचं? उत्तर तोंडी नको, करारात दाखवायला सांगा. प्रवासविम्यातून असल्या चालवण्याचा उपचारखर्च वगळलेला असतो, तेही पॉलिसीत तपासा.

लायसन्स मूळ आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही न्या. भाड्याने देणारे वयाची आणि अनुभवाची अटही घालतात, ती आधी पत्र पाठवून विचारून घ्या.

वेळेचं सांगतो, कारण तुमचा खरा घोटाळा इथे होण्याची शक्यता आहे. आठवड्यातल्या बहुतेक दिवशी कंपन्या दिवसभर गाड्यांची चाचणी घेत असतात, आणि लोकांसाठी ट्रॅक संध्याकाळी दोनेक तासच खुला होतो. शनिवार-रविवारी जास्त वेळ, पण गर्दी तुफान, आणि शर्यत असेल तर पूर्ण बंद. त्यात कोणी धडकलं की ट्रॅक थांबतो, कधी अर्धा तास, कधी त्या दिवसापुरताच. आयफेलचं हवामान तर असं की एकाच लॅपमध्ये सुरुवातीला कोरडं, पुढे ब्राइटशाइडच्या उतरणीला पाऊस, त्यापुढे होहे आख्टला धुकं. पावसात इथे डांबरावर लोकांनी रंगवलेली चित्रं निसरडी होतात. तेव्हा दोन संध्याकाळी हातात ठेवा, मधल्या वारी. मुक्काम आडेनाऊ किंवा न्यूरबुर्ग गावात करा. कोलोनहून गाडीने तासा-सव्वातासात पोहोचता, फ्रँकफर्टहून साधारण दोन तास. गावात रेल्वे नाही, हे ध्यानात ठेवा.

बायकोला घेऊन बसण्याबद्दल: परवानगी असते, पण पहिल्या लॅपला नको. शेजारची सीट प्रशिक्षकाला लागेल, आणि जवळचं माणूस बसलं की आपण नकळत जास्त दाखवायला जातो. त्या वेळात त्यांना ब्रुंशेनला उभं करा. रस्त्याकडेला बघायची चांगली जागा आहे, तिथून उतारावरून येऊन वळणाऱ्या गाड्या अगदी जवळून दिसतात. तुमचा हात बसला आणि दोघांचं मन झालं तर शेवटच्या लॅपला बसवा, निवांत वेगाने.

आणि लॅप संपताना एक करा. पर्यटकांना सलग दुसरा लॅप मारता येत नाही; शेवटच्या लांब सरळ रस्त्यावर, ड्योटिंगर ह्योहेवर, वेग कमी करून बाहेर पडावं लागतं. ते शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चाला म्हणजे ब्रेक आणि इंजिन थंड होतील. पार्किंगला लावल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढच्या लॅपला जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं द्या, टायरवर हात फिरवून बघा, पाणी प्या. तारखा पक्क्या झाल्या की ट्रॅकच्या अधिकृत कॅलेंडरवर त्या दिवसाच्या वेळा पाहून मगच गाडी ठरवा, उलट्या क्रमाने करू नका.