पिकअपच्या चाकाचे नट सारखे ढिले पडत असतील, तर आधी नटाची बैठक बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की नारायणगाव-वाशी टोमॅटोच्या फेऱ्यांमध्ये मागच्या डाव्या चाकाचे नट दोनदा ढिले सापडले, आणि नवे घ्यायला गेलात तर दुकानदार म्हणाला, "बाराचा कुठलाही चालतो." आधी त्या दुकानदाराचं बोलतो, कारण तुमच्या ढिल्या नटांचं कारण बहुधा तिथेच आहे.

कुठलाही चालत नाही. बारा ही फक्त स्टडची, म्हणजे नट चढतो त्या दांड्याची, मिलिमीटरमधली जाडी झाली. आटे १.५ पिचचे आहेत की १.२५ चे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), हे वेगळं बघावं लागतं. जुन्या जीपच्या वळणाच्या गाड्यांत इंची आटेही सापडतात. अर्धा इंची, इंचाला २० आट्यांचा नट १२ × १.२५ च्या स्टडवर आरामात फिरतो, कारण दोघांची पिच जवळजवळ सारखी. पण तो आट्यांना वरवर धरतो आणि लोड आला की आटे सोलून निघतो. फसवणारी जोडी हीच. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० ला २०१४ पर्यंत १४ × २.० चे नट होते, २०१५ पासून १४ × १.५ चे आले. त्यामुळे त्याच चाकाचा चांगला नट सोबत नेऊन जुळवा आणि नवा नट स्टडवर हाताने फिरवून बघा. १.५ पिचच्या बाराच्या स्टडवर किमान आठ पूर्ण फेरे बसायला हवेत. पान्याशिवाय फिरत नसेल किंवा डगडगत असेल, तर परत करा.

आता बैठक, म्हणजे नटाचं तोंड डिस्कच्या (टायर चढतो त्या चाकाच्या) भोकाला टेकतं ती जागा. लोखंडी डिस्कला बहुतेक करून निमुळत्या तोंडाचा नट लागतो. काही अलॉय चाकांना चपट्या वॉशरचा, काहींना गोल तोंडाचा. चुकीचं तोंड असलं की नट भोकाला फक्त कडेवर टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण शंभर किलोमीटरमध्ये ती कड दबते आणि ताण निघून जातो. चाक स्टडवर लटकत नसतं. नट डिस्कला ड्रमवर दाबून धरतात आणि त्या दाबाच्या घर्षणावर सगळा माल पेलला जातो. दाब गेला की डिस्क सरकते, भोकं लांबट होतात, स्टड वाकून वाकून तुटतो. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसत असतील तर डिस्क हलते आहे असं समजा.

म्हणून चाक काढा आणि ड्रमचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करा. डिस्क नुकतीच रंगवून आणली असेल, तर टेकण्याच्या जागेवरचा जाड रंग खरवडून काढा, कारण तो दबला की नट ढिला पडतो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. पान्यावरचा बहुतेक जोर घर्षणात जातो, स्टडच्या ताणात जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. तेल लावलं की हा हिशोब बदलतो आणि तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

आवळण्याच्या जोराचा (टॉर्कचा) आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा. बाराच्या स्टडला साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर असतो. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर वजनाचा स्प्रिंग काटा घ्या. नटापासून अर्ध्या मीटरवर पान्याला काटकोनात अडकवून २० किलोपर्यंत ओढा, साधारण ९८ न्यूटन मीटर होतात. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर ३४० च्या वर जातं. पाइप घालून पान्यावर उभं राहण्याची आपल्याकडची पद्धत मला म्हणूनच मान्य नाही. स्टड एकदा ताणून लांब झाला की तो नट धरून ठेवत नाही. टायरवाल्यालाही सांगा, नट हाताने बसव, हवेची गन शेवटी नको, पाना वापर.

चाक जॅकवर असताना सगळे नट हलके बसवा, खाली टेकवून दोन टप्प्यांत आवळा. पाच नट असतील तर एक सोडून एक, सहा असतील तर समोरासमोर. घाट उतरून ड्रम तापलेला असताना हे करू नका. पुढच्या फेरीत ५० ते १०० किलोमीटरनंतर गाडी थंड होऊ द्या आणि त्याच आकड्यावर परत तपासा.

एखादं जरी भोक लांबट झालेलं दिसलं तर ती डिस्क बदला, वेल्डिंग करून घेऊ नका. स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदलून टाका, तुटलेल्याचा भार त्यांनीच ओढलेला असतो.