बुद्धिबळात वजीर गॅम्बिटला (पांढऱ्याचं डी४, काळ्याचं डी५, मग पांढरा सी४चं प्यादं देऊ करतो) काळ्याकडून दुसऱ्याच चालीत ई५ आलं तर काय खेळावं? रविवारी नाशकात मुलीची स्पर्धा आहे.

हा अल्बिन काउंटर-गॅम्बिट, म्हणजे काळाही उलट प्यादं देऊ करतो. १८९३ साली न्यूयॉर्कला अडॉल्फ अल्बिन हा खेळाडू पुढे विश्वविजेता झालेल्या इमॅन्युएल लास्करविरुद्ध हाच खेळला होता. ई५चं प्यादं बिनधास्त खायचं. काळा डी४ रेटेल. इथे ई३ मात्र नको! बी४वर उंटाचा शह येतो, आपण उंट डी२वर आणतो, काळ्याचं प्यादं ई३वर मारतं. आता बी४चा उंट खाल्ला की संपलं: प्यादं एफ२ खाऊन शह देतं, राजाने ते मारलं तर वजीर जातो, राजा ई२वर सरकला तर प्यादं जी१चा घोडा खाऊन स्वतःच घोडा होतं, वर पुन्हा शह. त्यापेक्षा चौथ्या चालीत घोडा एफ३, मग जी३, उंट जी२. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावातली पोरं, सापळे पाठ करूनच येणार.