स्क्रीन रीडर अडखळतो कुठे?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावरचा मराठी मजकूर दृष्टिहीन सभासदांचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) नीट वाचत नाही. सभासदत्वाचा फॉर्मही त्यांना भरता येत नाही. काय करावे?

उत्तर : आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत आहे का, ते पाहा. तो कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर पान जुन्या फाँटमध्ये आहे आणि स्क्रीन रीडर तीच खिचडी वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागेल, याला पळवाट नाही. मग पानाच्या कोडमध्ये एचटीएमएल टॅगमधला, पानाची भाषा सांगणारा 'लँग' (lang) पाहा. तयार टेम्प्लेटमध्ये तिथे बहुधा इंग्रजीच राहून गेलेली असते, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो. तिथे मराठीचा कोड 'एमआर' (mr) टाका.

फॉर्ममध्ये प्रत्येक खान्याला खरे लेबल हवे : कोडमध्ये लेबलचा 'फॉर' (for) आणि खान्याचा 'आयडी' (id) तंतोतंत एकच. खान्यातली फिकट सूचना लेबलची जागा घेऊ शकत नाही. टाइप करू लागताच ती नाहीशी होते. चूक झाल्यास नुसती लाल चौकट नको, 'मोबाइल क्रमांक 10 अंकी हवा' असे शब्दांत सांगा.

शेवटी माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने फॉर्म भरून पाहा. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. त्यावर ऐका, आणि सभासदांनाही सोबत बसवा.