परदेशी विद्यापीठाच्या इंग्रजी कोर्ससाठी मुंबईतून विद्यार्थी मिळवायची नोकरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाला मुंबईत प्रतिनिधी हवाय, टार्गेट वर्षाला पंचवीस विद्यार्थी, पगार बरा आहे, तर घ्यावी का?

मी हेच काम चार वर्षं केलं. त्याआधी दादरला एका कन्सल्टन्सीत काउन्सेलर होते. पगाराचं तुमचं तुम्ही बघा, मी त्या पंचविसाबद्दल बोलते.

हा आकडा भारताकडे बघून कुणी काढलेला नसतो. 2005 साली सौदी सरकारने किंग अब्दुल्ला शिष्यवृत्ती सुरू केली आणि तिकडची मुलं हजारोंनी अमेरिकेत गेली. त्यातली बरीच डिग्रीआधी काही महिने, कधी वर्षभर, नुसतं इंग्रजी शिकायची आणि फी सरकार भरायचं. विद्यापीठांचे इंग्रजी विभाग त्या पैशावर फुगले. 2016 मध्ये शिष्यवृत्तीचे नियम कडक झाले, वर्ग रिकामे व्हायला लागले आणि मग सगळ्यांना भारत आठवला. एवढी मुलं डिग्रीला येतात, चार इंग्रजीलाही येतील, असा हिशोब. तो इथेच चुकतो.

माझं पहिलं प्रदर्शन अंधेरीच्या एका हॉटेलात होतं. टेबलावर विभागाचं नाव मोठ्या अक्षरांत: ‘इंग्लिश लँग्वेज प्रोग्रॅम’. लोक यायचे, ब्रोशर चाळायचे, फुकटचं पेन उचलायचे, पुढे जायचे. डोंबिवलीहून आलेले एक काका थांबले, मुलगी सोबत होती. पाटी वाचून म्हणाले, “मॅडम, हिला इंग्लिश येतं हो. पहिलीपासून इंग्लिश मीडियम!” आवाजात चक्क दुखावल्यासारखं होतं. मुलगी जमिनीकडे बघत उभी. पंधरा वर्षं शाळेची फी भरलेल्या बापाला मी सांगत होते की अजून भरा. पुढच्या प्रदर्शनाला मी स्वतःच्या खर्चाने दुसरी पाटी छापून घेतली: ‘आयईएल्ट्सच्या रायटिंगमध्ये अडलात?’ आयईएल्ट्स म्हणजे परदेशी प्रवेशासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. रांग लागली.

कारण आपल्या मुलांचं दुखणं तेच आहे. बोलण्यात 7, ऐकण्यात साडेसात आणि लिहिण्यात 5.5. विद्यापीठ म्हणतं एकूण साडेसहा हवेत आणि कुठेही सहाच्या खाली नको. वर्षानुवर्षं गाइडमधली उत्तरं उतरवलेल्या मुलाला स्वतःचं एक मत मांडून ते अडीचशे शब्दांत पटवून द्यायला सांगितलं की पेन थांबतं. कोर्सचा खरा उपयोग आहे तो इथे. पण 2023 पासून भारतातही आयईएल्ट्सचा एकच भाग पुन्हा देता येतो. म्हणजे विद्यापीठाला चालत असेल तर नुसतं रायटिंग परत दिलं आणि सहा मिळाले की काम झालं, तेही हजारोंच्या खर्चात, लाखोंच्या नाही. मी रांगेतल्या निम्म्या मुलांना हेच सांगून परत पाठवायचे. तिकडच्या साहेबांना हे कळलं तेव्हा झालेला झूम कॉल अजून आठवतो.

आता व्हिसा. 2016 पासून नियम असा की इंग्रजीच्या अटीवर प्रवेश मिळाला असेल तर डिग्रीचा आय-20, म्हणजे विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, मिळत नाही, आधी फक्त भाषेच्या कोर्सचा मिळतो. आठवड्याला किमान 18 तास वर्ग. इंग्रजीच्या कोर्सवर ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून तिकडे काही काळ नोकरी करायची परवानगी, नाही, आणि पालकांचा पहिला प्रश्न बहुधा नोकरीचाच असतो. मग बीकेसीत, अमेरिकन वकिलातीत, खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो, इंग्रजी मुंबईत शिकता येत नाही का? रास्त प्रश्न आहे! कळव्याच्या एका मुलाला त्याच्या एजंटने तीन वाक्यांचं उत्तर पाठ करून दिलं होतं. त्याने ते शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं. 214(बी)खाली, म्हणजे शिकून परत येईल हे अधिकाऱ्याला पटलं नाही म्हणून, नकार, पासपोर्ट परत. नुसती फी बुडाली असती तर एक वेळ चाललं असतं, पण यापुढे तो जेव्हा जेव्हा अमेरिकेचा फॉर्म भरेल तेव्हा ‘पूर्वी व्हिसा नाकारला होता का’ या रकान्यात त्याला ‘हो’ लिहावं लागणार. तो मुलगा माझ्या टार्गेटमधला होता.

एजंटांवर भिस्त ठेवू नका. त्यांचंही चुकत नाही. समजा मास्टर्सची वर्षाची फी 30 हजार डॉलर आणि कमिशन 15 टक्के, तर त्यांना साडेचार हजार मिळतात. आठ आठवड्यांच्या इंग्रजीची फी चार हजार धरली तर मिळतात सहाशे. बँकेचे कागद, फॉर्म, इंटरव्ह्यूची तयारी, सगळं तेवढंच. तुमचं ब्रोशर त्यांच्या कपाटात सगळ्यात खाली जाणार.

पहिल्या वर्षी माझे सात गेले. त्यातला एक मराठी माध्यमातला, वसईचा, डिप्लोमा करून चार वर्षं कारखान्यात काम केलेला. त्याला का जायचंय हे त्याला स्वतःला नीट माहीत होतं. खिडकीवर तो अडखळत बोलला, पण स्वतःचं बोलला, आणि व्हिसा मिळाला. असे विद्यार्थी अंधेरीच्या हॉटेलात येत नाहीत. त्यांच्यासाठी वसई, कल्याण, पनवेल करावं लागतं, पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंटवाल्या सरांसमोर तास-तासभर बसावं लागतं, आणि या फिरतीचं बिल कोण देणार ते आधी ठरवावं लागतं.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी ईमेलवर विचारा. टार्गेट अर्जांचं आहे, की तिथे पोचलेल्या विद्यार्थ्यांचं? व्हिसा नाकारला तर मुलाची फी किती दिवसांत परत? कोर्स पास झाला की डिग्रीचा प्रवेश पक्का, हे विद्यापीठ मुलाला लेखी देतं का? आणि विभाग विद्यापीठाचा स्वतःचा आहे, की बाहेरची कंपनी चालवते? स्वतःचा असेल तर विद्यापीठाची मान्यता पुरते, कंपनीचा असेल तर तिची वेगळी मान्यता बघावी लागते. 2010 च्या कायद्यापासून त्याशिवाय भाषेच्या कोर्सवर विद्यार्थी-व्हिसा मिळत नाही.

उत्तरं सरळ आली तर नोकरी घ्या, फक्त पंचविसाचे दहा करून घ्या. मी पहिल्याच आठवड्यात हे बोलायला हवं होतं, बोलले तिसऱ्या वर्षी. तेव्हा बारा करून मिळाले.