अंगठी, मुद्रिका की वळं?

पुण्यात मुलांना गोष्टी सांगणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतली बोटात घालायची ती सोन्याची वस्तू मराठीत सांगताना अंगठी म्हणावी, मुद्रिका म्हणावी की वळं? आणि तिला 'मंतरलेली' म्हटलेलं चालेल का?

माझ्या मते अंगठी आणि मुद्रिका हे दोन्ही शब्द हवेत. कुठे कोणता, ते गोष्टच सांगते.

वळं आधी बाजूला ठेवते. लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढीत वळं किंवा वेढणी मागा, बिनखड्याचं चोख सोनं समोर येतं. टॉल्किनने रंगवलेली वस्तूही तशीच साधी, गुळगुळीत, बिनखड्याची आहे. दिसण्यापुरता हा शब्द फार जवळचा. पण वळं म्हणजे गुरुपुष्याला घ्यायचं आणि अडीनडीला मोडायचं सोनं, आणि गोष्टीतली ही वस्तू तर कुठल्याच सोनाराच्या मुशीत वितळत नाही. शिवाय वळं पडलं नपुंसकलिंगी. या वस्तूला स्वतःची इच्छा आहे, नको तेव्हा ती बोटातून निसटते. ती घालणारा इतरांना दिसत नाही. इसिल्दूर नावाचा राजा ती घालून जीव वाचवायला नदीत उतरला तेव्हा ती अशीच निसटली, तो दिसू लागला आणि बाणांनी मारला गेला. 'तिने त्याला दगा दिला' या वाक्यात जो जीव आहे तो 'त्याने दगा दिला'मध्ये येत नाही.

मुद्रिकेच्या पोटात मुद्रा आहे, म्हणजे ठसा, शिक्का. सुंदरकांडात हनुमान सीतेपुढे धरतो त्या अंगठीवर रामाचं नाव कोरलेलं आहे. शकुंतलेच्या अंगठीवर दुष्यंताचं नाव. ती माशाच्या पोटातून परत येते तेव्हा राजाला विसरलेलं सगळं आठवतं. मला मात्र इथे 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक जास्त महत्त्वाचं वाटतं. नंदांचा अमात्य राक्षस याची मुद्रा त्याचा शत्रू चाणक्य याच्या हाती लागते, तिचा ठसा एका बनावट पत्रावर उमटतो आणि राक्षसाची सगळी बाजू कोसळते. तिथे जादू नावालाही नाही. माणसाचा अधिकार त्याच्या देहाबाहेर एका वस्तूत ठेवलेला असतो, आणि ती वस्तू दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते, एवढंच.

टॉल्किनच्या गोष्टीतला दुष्ट अधिपती सौरॉन याने नेमकं हेच केलं. एल्फ या अमर लोकांच्या तीन, बुटक्यांच्या सात आणि माणसांच्या नऊ अंगठ्या. त्या सगळ्यांवर हुकमत चालावी म्हणून त्याने ओरोद्रुइन या ज्वालामुखीच्या आगीत आणखी एक घडवली आणि आपलं बरंचसं सामर्थ्य तिच्यात ओतलं. नऊ अंगठ्या घालणारी माणसं झिजत झिजत नुसत्या छाया होऊन त्याची दास झाली. बुटके चिवट, ते छाया झाले नाहीत, पण त्यांची सोन्याची हाव भडकली. एल्फांच्या तिघींना सौरॉनचा हात लागलेला नव्हता, तरी त्यांचीही शक्ती त्याच्याच मुद्रेशी बांधलेली. त्या एकीवरची अक्षरं एरवी दिसत नाहीत, आगीत धरल्यावर उमटतात. नावाचा ठसा नसला तरी घडवणाऱ्याची सत्ता तिथे कोरलेली आहे. म्हणून ही मुद्रिकाच.

मग अंगठी कुठे? बिल्बो या नायकाच्या तोंडी. १९३७च्या 'द हॉबिट' या आधीच्या पुस्तकात ती त्याला अंधाऱ्या बोगद्यात सापडलेली, घातली की दिसेनासं करणारी एक सोयीची वस्तू आहे. तिचा सगळा इतिहास टॉल्किनलाही नंतर सुचला. पहिल्या आवृत्तीत तिचा आधीचा मालक गॉलम कोड्यांची पैज हरला तर ती बक्षीस द्यायला तयार असतो! पुढची गोष्ट लिहिताना हे जुळेना, म्हणून १९५१च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं आणि गॉलम तिच्यासाठी जीव टाकणारा झाला. मुलांनाही आधी 'अंगठी' ऐकू द्यावी. जादूगार गॅन्डाल्फ ती चुलीत टाकतो आणि अक्षरं उमटतात, तिथून 'मुद्रिका' म्हणावं. शब्द बदलला की मुलं कान टवकारतील.

'मंतरलेली' नको. पाणी मंतरतात, ताईत मंतरतात, म्हणजे आधी तयार असलेल्या वस्तूवर कुणीतरी मंत्र घालतो. इथे घडणं आणि शक्ती भरणं एकच आहे. 'जादूची' बिल्बोपुरतं ठीक. सौरॉनच्या संदर्भात नुसतं 'ती मुद्रिका' म्हटलं तरी पुरे.

आणि क्रियापद जपावं. देव अंतर्धान पावतात, ते स्वतःच्या सामर्थ्याने. बिल्बोनंतर ती ज्याच्याकडे येते त्या फ्रोडोसाठी 'दिसेनासा झाला' म्हणावं, कारण तो इतरांना दिसत नाही तेव्हाच सौरॉनच्या चाकरांना अधिक स्पष्ट दिसतो.