दावा मुलानेच लावायचा, आणि आत्ता

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला जन्मलेला, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक. व्हिडिओ-पत्रकार म्हणून काही वर्षं सीरियातल्या इदलिबच्या आसपास राहतो. चौदा महिन्यांपूर्वी तो गाडीतून उतरला आणि पाच मिनिटांत त्या गाडीवर क्षेपणास्त्र पडलं. तीन महिन्यांनी दुसरं, त्याच्या कचेरीच्या भिंतीला लागून. दोन्ही वेळा आधी बराच वेळ डोक्यावर ड्रोनची घरघर चालू होती. कुणाला ठार मारायचं याच्या अमेरिकेच्या यादीत त्याचं नाव आहे अशी तुमची खात्री झाली आहे आणि तुम्ही विचारता, 'बाप या नात्याने मी कोर्टात जाऊन ते नाव काढायला लावू शकतो का?' परदेशात अडकलेल्या मुलांचे आईवडील वेगवेगळ्या कारणांनी हेच विचारत असतात.

तुम्ही तसं करू शकत नाही. हे 2010 मध्येच ठरलं आहे.

नासिर अल-अवलाकी येमेनचे माजी कृषिमंत्री. त्यांचा मुलगा अन्वर न्यू मेक्सिकोत जन्मलेला अमेरिकन नागरिक, पुढे अल-कायदाच्या येमेनी शाखेत गेलेला. सरकार त्याला मारणार असल्याच्या बातम्या आल्यावर बापाने वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. 7 डिसेंबर 2010 रोजी न्यायाधीश जॉन बेट्स यांनी तो फेटाळला. मुलगा सज्ञान आहे, जिवंत आहे, शांतपणे दूतावासात हजर होऊन तो स्वतः कोर्टाचं दार ठोठावू शकतो, मग त्याच्या वतीने बाप कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय कुणाला लक्ष्य करायचं हा राजकीय प्रश्न आहे, म्हणजे न्यायालयाने सोडवण्याचा नाही, असंही त्यांनी ठरवलं. हा निष्कर्ष काहीसा अस्वस्थ करणारा आहे, हे त्यांनी निकालातच लिहिलं.

30 सप्टेंबर 2011 रोजी अन्वर ड्रोन हल्ल्यात मारला गेला. दोन आठवड्यांनी, 14 ऑक्टोबरला, त्याचा 16 वर्षांचा मुलगा अब्दुलरहमान वेगळ्या हल्ल्यात गेला. तो डेन्व्हरला जन्मलेला, तोही अमेरिकन. म्हातारे नासिर पुन्हा कोर्टात गेले, आता मुलगा आणि नातू दोघांसाठी. 4 एप्रिल 2014 रोजी न्यायाधीश रोझमेरी कॉलियर यांनी अन्वरच्या हक्काचा मुद्दा ग्राह्य धरला, पण युद्धाच्या कामात अधिकाऱ्यांकडून भरपाई मागायला कायद्यात वाट नाही असं म्हटलं. नातवाचं तर नाव घेऊन नेम धरलेलाच नव्हता, त्यामुळे त्याचा हक्कभंगाचा मुद्दाही टिकला नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. मुलगा जिवंत असताना बापाला उभं राहता येत नाही, आणि मुलगा गेल्यावर मागण्यासारखं काही उरत नाही. जागा उरते ती एकच. जिवंत मुलाने स्वतःच्या सहीने दावा लावायचा. तुमचा मुलगा आज त्या जागेवर उभा आहे, आणि तुम्ही चौदा महिने 'तो घरी आला की बघू' म्हणत काढलेत.

त्या जागेवर त्याच्याआधी एक जण उभा राहून गेला आहे. बिलाल अब्दुल करीम, अमेरिकन पत्रकार, सीरियातच काम करणारा. 2016 च्या उन्हाळ्यात पाच हल्ल्यांतून वाचलो, असं सांगत त्याने 2017 मध्ये दावा लावला. 2018 मध्ये त्याच कॉलियरबाईंनी त्याच्या बाजूने दार उघडलं. 2019 मध्ये सरकारने राज्याचं गुपित, म्हणजे उघड केलं तर देशाच्या सुरक्षेला धोका, हे कारण पुढे केलं आणि त्यांनीच ते बंद केलं. 2021 च्या जानेवारीत वरच्या कोर्टाने निकाल दिला तो गुपितावर नाहीच, 'लोकस'वर, म्हणजे दावा लावायचा अधिकार त्याला आहे का यावर दिला. ती क्षेपणास्त्रं अमेरिकेचीच होती आणि त्याच्यावरच रोखलेली होती, हे दाव्यातल्या मजकुरावरून पटण्याजोगं दिसत नाही, असं कोर्टाने म्हटलं. सीरियाच्या आकाशात तेव्हा अनेक देशांची विमानं होती. पावणेचार वर्षं गेली, आणि सरकारला नागरिकाचा जीव असा घेता येतो का, हा मूळ प्रश्न कोर्टाने ऐकलाच नाही. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

म्हणून तुमचं सगळं प्रकरण दोन गोष्टींवर अडकलेलं आहे: क्षेपणास्त्र कुणाचं, आणि नेम कुणावर. आणि नेमकं इथेच तुम्ही लिहिता की गाडीच्या सांगाड्यातले तुकडे भंगारवाल्याने नेले, व्हिडिओ मुलाने तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवून फोनमधून पुसला, आणि दुसऱ्या हल्ल्याची तारीख 'बहुधा मंगळवार' होती. काका, व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतो, मूळ फाइलमधली वेळ-ठिकाणाची नोंद त्यात उरत नाही. कोर्टाला जे हवं होतं तेच गेलं.

जे उरलं आहे ते या आठवड्यात गोळा करा. फोनचा बॅकअप कुठे गेला ते शोधा, मूळ फाइल तिथे असू शकते. कचेरीच्या भिंतीतले तुकडे अजून असतील तर त्यांवरचे आकडे दिसतील असे, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. न फुटलेल्या कशालाही हात लावायचा नाही. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, साक्षीदार. मग अमेरिकन लष्कराच्या मध्य कमांडने त्या दिवसांत काय जाहीर केलं होतं ते ताडून पाहा. तारीख जुळली तर ती तुमच्या दोन पानी संतापापेक्षा मोलाची.

मुलाच्या निवेदनाला नोटरी लागत नाही. परदेशात केलेलं निवेदन 'संयुक्त संस्थानांच्या कायद्यानुसार, खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र' या अर्थाच्या ठरलेल्या इंग्रजी वाक्याने, तारीख आणि सहीसह केलं की चालतं. त्यात अमेरिकेच्या कायद्याचा उल्लेख राहून गेला तर कागद लटका पडतो. पण सहीच्या आधी मसुदा वकिलाने वाचायला हवा. त्या भागात चित्रीकरणाची परवानगी कुणाकडून घेतली, कुणाला पैसे दिले, हे नकळत लिहून तो दहशतवादी संघटनेला मदत केल्याचा आरोप स्वतःच ओढवून घेऊ शकतो.

मुदतीची काळजी तुम्ही उगाच करता. यादीतून नाव काढण्याच्या मागणीला साधारण सहा वर्षं मिळतात. अमेरिकेच्या माहिती अधिकारात अर्ज करा, बहुधा 'आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही' असं उत्तर येईल, तरी ते कागदावर असू दे. दूतावासात हजर व्हावं का, यावर मी पत्रातून होय-नाही म्हणणार नाही. सीमा कुठून ओलांडतो यावर बरंच अवलंबून आहे.

'हे कायदेशीर तरी आहे का?' असंही तुम्ही विचारलंत. रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचा जीव घ्यायचा नाही असं अमेरिकेची पाचवी घटनादुरुस्ती म्हणते, आणि नागरिक परदेशात गेला म्हणून राज्यघटना मागे राहत नाही हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच सांगितलं. 2012 मध्ये ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी मात्र भाषणात मांडलं की रीतसर प्रक्रिया म्हणजे न्यायालयीन प्रक्रियाच असं नाही. म्हणजे आरोप करणारे, तपासणारे आणि शिक्षा ठरवणारे एकाच इमारतीत. 2008 पासून परदेशातल्या अमेरिकन नागरिकावर पाळत ठेवायची तर गुप्तवार्ता-न्यायालयाचा हुकूम घ्यावा लागतो. त्याला ठार मारायला मात्र कुठल्याच न्यायाधीशाची सही लागत नाही. माझ्या मते हे बेकायदा आहे आणि अन्याय्यही आहे. माझं मत कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, मुलाचं निवेदन चालतं.

त्याला आज रात्रीच फोन करा. तारखा आठवून आठवून तुम्ही लिहू नका, त्याला लिहू दे, त्याच्या शब्दांत. मसुदा आला की माझ्याकडे पाठवा, सही न करता.