पोलिश विद्यार्थ्यांच्या लेखी इंग्रजीत शब्दांच्या कोणत्या चुका नेहमी दिसतात?

सगळ्यात घातक चूक ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. पोलिश 'एव्हेंतुआल्न्ये' म्हणजे 'नाहीतर, जमल्यास'. विद्यार्थी तिथे 'इव्हेंच्युअली' लिहितो, ज्याचा अर्थ 'शेवटी'. मग 'वुई कॅन मीट ऑन मंडे, इव्हेंच्युअली ऑन ट्यूजडे' वाचून मंगळवार हा नुसता पर्याय आहे हे समजतच नाही. तिथे 'ऑर पॉसिब्ली' हवं. 'आक्तुआल्न्ये' म्हणजे 'सध्या', म्हणून 'करंटली' लिहावं, 'अ‍ॅक्च्युअली' नव्हे.

पोलिशमध्ये फोटोसुद्धा 'करतात', त्यातून 'मेक अ फोटो' येतं. (आपण फोटो 'काढतो', त्यामुळे ही चूक मराठी माणसाकडून सहसा होत नाही.) माहितीचं अनेकवचन तिकडे सर्रास चालतं, म्हणून 'इन्फर्मेशन्स'.

वहीत सुटा शब्द न लिहिता जोडी लिहावी: 'टेक अ फोटो', 'अ पीस ऑफ इन्फर्मेशन'.